थंड असताना

गाडी थंड असतानाच नळी दाबायची.
तापलेली नळी खोटं बोलते, बाबा म्हणायचे,
फुगून ताठ बसते
पाहुण्यांसमोर बसल्यासारखी.

एप्रिल. सारमिएन्तोला अजून उजाडायचंय.
वारा रात्रभर शेडचा पत्रा धरून हलवतोय,
आणि आमची अठ्ठ्याहत्तरची फाल्कन
(मूळ रंग कुठला, यावर घरात तीन मतं)
बॉनेट उघडून उभी आहे
दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी.

एलेउतेरियो, माझे बाबा, चाळीस वर्षं
दुसऱ्यांच्या मेंढ्या तपासत फिरले.
कास हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, सांगायचे.
नळी पण तशीच बघायची, इर्मा.
लिबलिबीत लागली तर गेली.
दगडी झालेल्या कासेसारखी कडक, तरी गेली.
बोटाखाली कुरकुरली तर आतलं कापड तुटलंय.
आणि क्लॅम्पच्या अगदी कडेला बघ,
जिथं कुणी बघत नाही तिथं ती आधी फुगते.
खालचीला विसरू नकोस.
वरची फुटते ती बोंब मारून.
खालची आतल्या आत चपटी होते,
तिच्यातली स्प्रिंग गंजून गेलेली, पंप ओढत राहतो,
काटा चढतो,
आणि आपण चढाला शिव्या घालतो.

आज त्यांनी हात घातला.
वरची दाबली. पुन्हा दाबली. डोळे मिटले.
चांगली आहे, म्हणाले, हा हिवाळा काढेल.

त्यांच्यानंतर मी दाबली.
दुधात भिजलेल्या पावासारखी दबली.

साखरेनं बोटं खाल्लीत त्यांची, हे ठाऊक होतं.
किटलीचा चटका त्यांना वासानं कळला होता मागच्या वर्षी.
ठाऊक होतं, पण इतकं नाही.
मी म्हणाले, हो, काढेल.

रात्री, ते झोपल्यावर, बॅटरी दातांत धरून
मी क्लॅम्प सैल केला.
नळी ओढायची नाही. पितळेची मान मऊ असते,
ओढलीस तर रेडिएटरच हातात येईल.
सुरीनं उभी चिरायची, साल काढल्यासारखी.
हिरवं पाणी परातीत आलं, गोडसर वासाचं,
आणि पुल्गा शेपटी हलवत हजर.
हट! ते गोड लागतं, म्हणूनच मारतं.
परात उंच फळीवर ठेवली.

मान घासता घासता आठवली
रिओ मायोच्या वाटेवर फुटलेली ती जुनी नळी.
पांढरी वाफ, दोन्हीकडं काही नाही, फक्त एक ग्वानाको बघतोय.
कापडानं आणि तारेनं बांधली, अर्धा तास थांबलो,
मग मी कॅनमधलं गार पाणी घेऊन धावले, तर बाबा ओरडले,
गार नको, ठोकळा तडकेल!
आणि माते प्यायचं थर्मासमधलं गरम पाणी
त्यांनी आधी इंजिनला पाजलं,
हळूहळू, आजारी माणसाला पाजावं तसं.
त्या दिवशी ते माते न पिता राहिले. एकदाच.

नवी नळी कोमोदोरोहून आणलेली, तीन महिने पलंगाखाली.
तोंडाला भांड्यांचा साबण लावला, सरकली.
क्लॅम्प कडेच्या उंचवट्यामागे. बेतानं आवळला.
पाणी भरलं, हीटर सुरू केला,
बुडबुडे संपेपर्यंत टाकीचं तोंड उघडं ठेवून
उभी राहिले त्या थंडीत, वेड्यासारखी.

सकाळी ते आले. या वेळी हात खिशातच.
वाकले, लांब श्वास घेतला.
लिंबाच्या साबणाचा वास शेडमध्ये अजून होता.

थोड्या वेळानं म्हणाले,
पन्नास किलोमीटरवर थांब, गार होऊ दे,
आणि क्लॅम्प अर्धा फेरा आवळ.
नवं रबर जरा बसतं.

मग पुल्गाला हाक मारत
घरात गेले, दार लावायला विसरले.